तोलून दिलेली परवानगी

जळगावच्या सराफ बाजारात कारागिराकडे सोनं जातं ते काट्यावर तोलून. किती ग्रॅम दिलं हे वहीत उतरतं, दागिना घडून आला की पुन्हा काटा, आणि मग घट धरून हिशोब. कारागीर वीस वर्षांच्या ओळखीचा असला तरी तोलणं चुकत नाही, आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नाही. उद्या काही कमी-जास्त झालंच तर ती वही त्याच्याच बाजूनं बोलते. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोग्रामला फाइल देताना मात्र आपल्याकडे सर्रास अख्खी तिजोरी उघडून दिली जाते. काम अडलं की ‘चमॉड ट्रिपल सेव्हन’, तरीही अडलं की ‘सेटएनफोर्स झिरो’. पहिल्या आज्ञेनं फाइल सगळ्यांना खुली होते, दुसरीनं पहारेकरीच नुसता बघत बसतो.

मी खानदेशातल्या एका कॉलेजात लिनक्स शिकवते. गेली काही वर्षं एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. बाहेरून तो फार बारीक दिसतो. सक्तीच्या प्रवेश-नियंत्रणाची, म्हणजे मँडेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोलची, चाचणी घ्यायची असेल तर चाचणीच्या प्रोग्रामला फाइलींवर किती हक्क द्यावेत? पुरेसे, भरपूर, की अगदी मोजून? या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत, साधनं वेगवेगळी आहेत, आणि चुकीच्या उत्तराची किंमत लगेच दिसत नाही. म्हणूनच हा आढावा.

आधी सक्ती म्हणजे काय ते. युनिक्समध्ये फाइलीचा मालक ठरवतो की ती कोणी वाचायची, कोणी लिहायची. घर माझं, किल्ली माझी, मी शेजाऱ्याला दिली तर कोणी विचारणार नाही. रूटला, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य वापरकर्त्याला, तर किल्लीही लागत नाही. सक्तीच्या नियंत्रणात मालकाच्या मर्जीवर आणखी एक नियम बसतो. तो यंत्रणेनं घातलेला असतो आणि मालकाला तो सैल करता येत नाही. रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. दिवस मावळला, दरवाजे बंद झाले, तान्हं बाळ खाली घरी, आणि पहारेकरी म्हणाले, दार उघडायचा अधिकार आम्हाला नाही. त्यांना दया आली नसेल असं नाही. पण दार उघडणं त्यांच्या मर्जीवर ठेवलेलंच नव्हतं. सक्तीचं नियंत्रण ते हेच. गोष्टीचा उत्तरार्धही आपल्या कामाचा आहे, त्याकडे पुढे येते.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो इतर ठिकाणी पुष्कळ लिहिला गेला आहे. १९७३ मध्ये बेल आणि लापाड्युला यांनी लष्करी गुप्ततेच्या पायऱ्यांचं गणिती रूप मांडलं. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी सुरक्षित यंत्रणेच्या रचनेची तत्त्वं लिहून काढली. त्यांतली दोन आजही या विषयाचा पाया आहेत: प्रत्येकाला कामापुरताच हक्क, आणि सांगितलं नसेल तर उत्तर ‘नाही’. १९८५ मध्ये बोबर्ट आणि केन यांनी टाइप एन्फोर्समेंटची कल्पना आणली. प्रत्येक प्रोग्रामला एक डोमेन, प्रत्येक फाइलीला एक टाइप, आणि कोणत्या डोमेनला कोणत्या टाइपवर काय करता येईल त्याचा तक्ता. त्याच वाटेवर फ्लास्क ही रचना आली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं डिसेंबर २००० मध्ये एसईलिनक्स सगळ्यांसाठी खुलं केलं. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीत, ते मुख्य प्रवाहात होतं. पुढे स्मॅक, टोमोयो, अ‍ॅपआर्मर हे भाऊबंदही कर्नेलमध्ये आले.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध नाही असं कोणी समजू नये. रेड हॅटचं मोठं इंजिनिअरिंग ऑफिस पुण्यात आहे, आणि रेड हॅट ही एसईलिनक्स सांभाळणाऱ्या मुख्य कंपन्यांपैकी एक. नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत आणि जून २०१५ मध्ये एमआयटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फेडोराची परिषद, फुडकॉन, पुण्यात भरली होती. फेडोरा ही तर एसईलिनक्स सामान्य माणसाच्या मशीनवर चालू ठेवणारी पहिली मोठी वितरणप्रत. पण त्याहून जवळचा संबंध जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइल दुरुस्त करून देणाऱ्या प्रत्येक टेबलावर पडलेला असतो. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, प्रत्येक अँड्रॉइड फोनवर एसईलिनक्स पूर्ण सक्तीनं चालतं. यावल-रावेरच्या केळीबागेत भाव बघणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात ते आहे, त्याला नाव माहीत नसलं तरी.

आता चाचणीकडे. एसईलिनक्सची स्वतःची एक चाचणीमाला आहे, तिला टेस्टसूटच म्हणतात. तिच्यात सी भाषेतले छोटे प्रोग्राम, ते चालवणाऱ्या पर्ल स्क्रिप्टा, आणि प्रत्येक चाचणीसाठी पॉलिसीची, म्हणजे नियमांची, एक छोटी फाइल असते. रचना बहुतेक वेळा जोडीची. एका डोमेनला तो हक्क दिलेला, दुसऱ्याला मुद्दाम न दिलेला. पहिल्यानं काम करून दाखवायचं, दुसऱ्यानं अडून दाखवायचं. दोन्ही झालं तर चाचणी पास.

ऐकायला सरळ आहे. गोम अशी, की अडण्याची कारणं शंभर असतात. दुसरं डोमेन अडलं, पण कशामुळे? आपण काढून घेतलेल्या त्या एका हक्कामुळे, की वाटेत लायब्ररी वाचता आली नाही म्हणून, की बाहेरच्या फोल्डरमध्ये शिरता आलं नाही म्हणून? स्क्रिप्टला फक्त ‘जमलं नाही’ एवढंच कळतं, आणि ती खूण करून पुढे जाते. उलट बाजूनं पाहिलं तर, पहिल्या डोमेनला ढिगानं हक्क दिले असतील आणि ते चाललं, तर त्या ढिगातला कोणता हक्क कामी आला हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून किमान हक्कांचा आग्रह चाचणीत धरायचा तो सुरक्षेच्या भीतीनं नव्हे. चाचणीची पॉलिसी तर काम झाल्यावर काढूनच टाकतात. चाचणी जी साक्ष देते ती खरी असावी, यासाठी तो आग्रह आहे. माझं या विषयातलं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी पूर्ण जबाबदारीनं मांडते.

वर्गातला एक प्रयोग सांगते. प्रोग्राम पंधरा ओळींचा: एक हजेरीची फाइल उघडायची, पहिली ओळ वाचायची, पडद्यावर छापायची. त्याला नवीन डोमेन दिलं आणि ‘रनकॉन’नं त्या डोमेनमध्ये चालवलं. अर्थातच चाललं नाही. ऑडिट लॉगमध्ये ओळ आली: डिनाइड, महिरपी कंसात ‘सर्च’, मग प्रोग्रामचं नाव, मग कोणाकडून, कोणावर, आणि मग वर्ग ‘डीआयआर’. मुलं फाइलीच्या परवानग्या शोधत बसली होती, आणि अडवलं होतं फोल्डरनं. फाइलीपर्यंत पोचायचं तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘सर्च’ लागतो. फोल्डरची यादी वाचायचा हक्क, म्हणजे ‘रीड’, तिथे लागत नाही. कोणत्या खोलीत जायचं हे ज्याला माहीत आहे त्याला वाड्यातून जाऊ द्यायचं, प्रत्येक खोली उघडून बघू द्यायची नाही, असा तो फरक.

सक्ती चालू असताना नकार एकेक करून येतात, कारण प्रोग्राम पहिल्याच नकाराला बहुधा मान टाकतो. एक हक्क द्या, पुन्हा चालवा, पुढचा नकार बघा. मुलांना हे कंटाळवाणं वाटलं. त्यांनी परमिसिव्ह मोड लावला. त्यात अडवत कोणालाच नाहीत, फक्त लिहून ठेवतात. मग ‘ऑडिट-टू-अलाउ’ या साधनाला तो लॉग दिला, आणि सात नियम एका फटक्यात तयार होऊन पडले. वर्ग खूश.

त्या सातांपैकी दोन नियम आम्ही फळ्यावर घेतले. एक होता त्या फाइलीवर ‘गेटअ‍ॅट्र’, म्हणजे फाइलीचा आकार, मालक वगैरे विचारायचा हक्क. आमच्या पंधरा ओळींमध्ये आकार कुठेच विचारलेला नव्हता. तो विचारते सी लायब्ररी: वाचण्याआधी बफर केवढा घ्यावा हे ठरवायला. उत्तर मिळालं नाही तर ती नेहमीच्या मापाचा बफर घेते आणि पुढे जाते. आम्ही तो नियम काढून टाकला, सक्ती परत चालू केली, हजेरीची ओळ पडद्यावर आली. लॉगमध्ये नकार होता आणि काम झालेलं होतं. लॉगमधला प्रत्येक नकार म्हणजे गरज नव्हे, हे मुलांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. यंत्रानं काढून दिलेली यादी मागणीची असते, गरजेची यादी माणसालाच काढावी लागते.

दुसरा नियम जास्त गंभीर होता. हजेरीची फाइल होती एका मुलाच्या होम फोल्डरमध्ये, म्हणून तिचं लेबल, म्हणजे तिचा टाइप, होतं होम फोल्डरातल्या सगळ्या फाइलींना असतं तेच. ऑडिट-टू-अलाउनं प्रामाणिकपणे नियम लिहिला: या डोमेनला या टाइपच्या फाइली उघडता-वाचता येतील. एक फाइल वाचायला निघालेला प्रोग्राम त्या मशीनवरच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक तशा फाइलीचा वाचक होऊन बसला. परवानगीचे शब्द दोनच होते, ‘ओपन’ आणि ‘रीड’. यापेक्षा कमी काय देणार? पण ज्या टाइपवर त्या परवानग्या दिल्या तो टाइपच अवाढव्य होता. उपाय नियमात नव्हता, लेबलात होता. हजेरीच्या फाइलीला स्वतःचा वेगळा टाइप दिला आणि नियम त्या टाइपवर लिहिला.

या विषयावरचं पुष्कळ लिखाण इथेच कमी पडतं असं मला वाटतं. किमान हक्क म्हटलं की लोक परवानग्यांचे शब्द मोजतात. कशावर दिल्या त्या ढिगाचा आकार कोणी मोजत नाही. सोनाराच्या काट्यावर वजन आणि कस दोन्ही बघतात. नुसतं वजन बघून व्यवहार करणारा टिकत नाही.

त्याच दिवशी साक्रीकडच्या एका मुलानं फाइल वेगळ्या रीतीनं दिली. प्रोग्रामनं स्वतः उघडण्याऐवजी शेलनं उघडायची आणि बाणाचं चिन्ह वापरून प्रोग्रामच्या हातात द्यायची. त्याच्या डोमेनला फाइलीवर काहीच हक्क नव्हता. त्याला वाटलं, दणकून नकार येईल. पडदा कोरा. चूक नाही, संदेश नाही, आणि प्रोग्रामचा निकाल शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. तो अहिराणीतच बोलला, “मॅडम, हाई काय व्हयनं?”

झालं होतं असं. नव्या डोमेनमध्ये शिरताना कर्नेल आधीपासून हातात असलेल्या फाइली तपासतं. ज्याचा हक्क नाही ती काढून घेतं आणि तिच्या जागी रिकामं, शून्य उपकरण ठेवतं. प्रोग्रामला वाटतं फाइल आहे, पण कोरी आहे. तो आनंदानं शेवटपर्यंत वाचतो आणि बाहेर पडतो. फक्त निकालाचा आकडा बघणारी चाचणी इथे ‘वाचू दिलं’ असा निष्कर्ष काढेल, आणि तो साफ खोटा असेल. म्हणून त्या दिवसापासून आमच्याकडे चाचणीच्या फाइलीत ओळखीचा मजकूर टाकतात आणि तोच मजकूर बाहेर आला का हे बघतात.

याच प्रयोगातून ‘ओपन’ आणि ‘रीड’ वेगळे का, हेही समजावता आलं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या जागी जुनी दफ्तरं जपलेली असतात. समजा अशा संग्रहात तुम्ही टेबलाशी बसलात आणि तुमच्यासाठी रुमाल सोडून कागद समोर ठेवला गेला, तर तुम्हाला वाचायचा हक्क आहे; कपाट उघडायचा नाही. २००८ मध्ये २.६.२६ कर्नेलपासून एसईलिनक्सला हा फरक कळू लागला. त्याआधी वाचू देणं म्हणजे उघडूही देणं होतं. बाणानं दिलेल्या फाइलीसाठी आमच्या मुलाच्या डोमेनला फाइलीवर फक्त ‘रीड’ लागला, आणि शेलनं दिलेली वस्तू हातात धरायचा ‘यूज’. ‘ओपन’ लागलाच नाही.

असे शब्द पुढेही वाढत गेले आहेत. २०१७ मध्ये ४.१३ कर्नेलमध्ये ‘मॅप’ आला. फाइल मेमरीत एकदा जोडून घेतली की पुढच्या वाचनाला कर्नेलला विचारावं लागत नाही, त्यामुळे मध्येच पॉलिसी बदलली तरी तो जोडलेला भाग वाचत राहता येतं. ज्यांना प्रत्येक वाचनावर नजर हवी, त्यांना मेमरीत जोडणंच नाकारायची सोय हवी होती. २०१९ मध्ये ५.४ मध्ये फाइलीतले बदल टेहळत बसायचा हक्क, ‘वॉच’, वेगळा झाला. आता विचार करा, ज्या चाचण्यांच्या डोमेनना आधीपासून सगळंच बहाल केलेलं होतं त्यांना या नव्या तपासण्यांचं काय सोयरसुतक? त्या चाचण्या कालही पास होत्या, आजही पास, आणि नवी तपासणी कर्नेलमध्ये मोडलेली असती तरीही पासच. भर म्हणजे पॉलिसीला माहीत नसलेली परवानगी आली तर ती देऊन टाकायची की नाकारायची हीसुद्धा एक सेटिंग असते, आणि फेडोरासारख्या ठिकाणी ती ‘देऊन टाका’ अशी ठेवलेली असते. जुनी मशीन नव्या कर्नेलवर बंद पडू नयेत म्हणून ते बरोबरच आहे. चाचणीसाठी मात्र ते झाकण आहे.

आता माझ्यावर बेतलेली एक गोष्ट. पूर्वी मी एका संस्थेच्या सर्व्हरचं काम बघायचे. तिथे एका संवेदनशील फाइलीसाठी नकाराची चाचणी आम्हीच लिहिली होती: अमुक सेवेला ती फाइल वाचता येता कामा नये. रोज रात्री चाचणी चालायची, रोज सकाळी हिरवी खूण. बऱ्याच महिन्यांनी कळलं की त्या फाइलीवरचं लेबल केव्हाच बदललेलं होतं आणि एसईलिनक्सनं ती अडवलीच नसती. चाचणी पास होत होती कारण फाइल साध्या युनिक्स परवानगीनं फक्त मालकाला वाचता येत होती आणि चाचणी दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावानं चालायची. कर्नेल आधी मालकाची परवानगी बघतं, तिथेच नकार आला तर सक्तीच्या नियमापर्यंत गोष्ट पोचतच नाही. खालच्या दारावरच परत पाठवलं जात होतं आणि आम्ही म्हणत होतो की वरचा पहारा चोख आहे. नुकसान झालं नाही, ते आमचं नशीब. पण त्या हिरव्या खुणांवर मी महिनोन्‌महिने निर्धास्त झोपले, हे मला आजही बोचतं. चाचणी लिहिताना आधी साध्या परवानगीनं सगळी दारं सताड उघडायची, म्हणजे एकच दार उरतं आणि नकार आला तर त्याचाच, हे तेव्हा शिकले.

हिरकणीच्या गोष्टीचा उत्तरार्ध इथे येतो. दरवाजे बंद होते, नियम पाळला गेला, आणि तरीही ती कडा उतरून गेली. दरवाज्यांची चाचणी पास होती. गड मात्र एका बाजूनं उघडा होता. आख्यायिका सांगते की महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. चाचणीनं सापडलेली फट बुजवायची आणि फट दाखवणाऱ्याला शाबासकी द्यायची, याचं याहून सुंदर चित्र मला मराठीत माहीत नाही.

चाचणीची पॉलिसी लिहायच्या प्रचलित तऱ्हा ढोबळमानानं तीन. पहिली, लॉगमधून शिकायची; तिच्या मर्यादा वर आल्याच. तिच्यात आणखी एक खोच आहे. परमिसिव्ह मोडमध्ये तोच नकार पुन्हा आला तर तो दरवेळी लिहिला जात नाही, आणि पॉलिसीत ‘डोंटऑडिट’ असेल तर तो नकार मुळात लॉगमध्ये येतच नाही. म्हणजे लॉग एकीकडे जास्त मागतो आणि दुसरीकडे लपवतो. टोमोयो आणि अ‍ॅपआर्मर यांनी तर शिकण्याची ही रीत मुख्य साधन म्हणूनच दिली आहे. अ‍ॅपआर्मर फाइलीच्या पत्त्यावर चालतं, लेबलावर नाही, त्यामुळे नवशिक्याला त्याची पॉलिसी वाचता येते आणि एका फाइलीला एक ओळ पुरते. हा त्याचा मोठा गुण मी मोकळेपणानं मान्य करते.

दुसरी तऱ्हा तयार मॅक्रोंची. ‘या डोमेनला फाइली वाचू द्या’ अशी एक ओळ लिहिली की आतून आठ-दहा परवानग्या उलगडतात. रोजच्या पॉलिसीसाठी हे उत्तम. चाचणीसाठी धोक्याचं, कारण मॅक्रोच्या पोटात काय आहे ते वितरणाप्रमाणे आणि आवृत्तीप्रमाणे बदलतं. फेडोरावर जे डोमेनला जन्मतःच मिळतं ते डेबियनवर मिळेलच असं नाही. एकच चाचणी एकीकडे पास, दुसरीकडे नापास, आणि दोष कर्नेलचा नसतोच.

तिसरी तऱ्हा कोऱ्या कागदावरून एकेक परवानगी लिहायची. सगळ्यात शुद्ध, आणि सगळ्यात ठिसूळ. सी लायब्ररीची नवी आवृत्ती आली, तिनं एखादं काम वेगळ्या रीतीनं करायला सुरुवात केली, की ज्या गोष्टीशी चाचणीचा काही संबंध नाही तिथेच चाचणी मोडते. किमान हक्कांवर घेतला जाणारा हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. चाचण्या सांभाळणारी माणसं मोजकी असतात. दर सहा महिन्यांनी निम्म्या चाचण्या खोट्या कारणांनी लाल होऊ लागल्या तर लोक लाल रंगाकडे बघणंच सोडतात, आणि मग खरी लाल खूणही त्यात वाहून जाते.

यावर टेस्टसूटनं काढलेला मार्ग मला पटतो. चाचणीच्या सगळ्या डोमेनना लागणारा शिधा, म्हणजे लायब्ररी जोडणं, टर्मिनलवर लिहिणं, चाचणीच्या फोल्डरात शिरणं, एका ठिकाणी, एका नावाखाली ठेवायचा. ज्या चाचणीला तो शिधाही जास्त होतो तिच्यासाठी त्याचं किमान रूप वेगळं ठेवायचं. तसं मॅक्रो त्यात आहे. आणि मग त्या-त्या चाचणीच्या फाइलीत फक्त तेवढाच हक्क लिहायचा ज्याची परीक्षा चालली आहे. लायब्ररी बदलली तर एकाच जागी हात घालावा लागतो, आणि परीक्षेचा विषय बाकीच्या पसाऱ्यात हरवत नाही. सगळीकडे सारखंच काटकसरीनं वागायचं नाही, जिथे परीक्षा आहे तिथे एक गुंजही जास्त द्यायची नाही.

मोठ्या प्रमाणावर ही शिस्त कोणी पाळली असेल तर अँड्रॉइडनं. २०१३ मध्ये ४.४ आवृत्तीत सक्ती फक्त मोजक्या डोमेनवर होती, ५.० मध्ये ती साठाहून जास्त डोमेनवर, म्हणजे सगळ्यांवर आली. खरं बळ तिथे ‘नेव्हरअलाउ’ या नियमाचं आहे. ‘हा हक्क या डोमेनला कोणीही, कधीही द्यायचा नाही’ असं पॉलिसीतच लिहून ठेवतात, आणि कोणी दिला तर पॉलिसी तयारच होत नाही. फोन बनवणारी कंपनी आपली स्वतःची भर घालू शकते, पण गूगलच्या सुसंगतता चाचणीत हे नियम तयार फोनवर पुन्हा तपासले जातात. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ नं उपकरणांच्या आज्ञासुद्धा एकेक मोजायला सुरुवात केली. नुसतं ‘आयओसीटीएल’ दिलं म्हणजे सगळ्या आज्ञा मिळाल्या असं आता राहिलं नाही. २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ नं नवी अ‍ॅप्स आपापल्या वेगळ्या कुंपणात टाकली, आणि २०१९ मध्ये १० नं ‘प्रॉक-नेट’मध्ये डोकावून दुसरी अ‍ॅप्स कुठे जोडली आहेत ते बघायची वाट बंद केली. यातलं प्रत्येक पाऊल उचलताना काही जुनी अ‍ॅप्स मोडली. तरीही ते उचललं गेलं, कारण काय मोडतंय हे आधी दाखवणाऱ्या चाचण्या हाताशी होत्या.

याच्या तुलनेत आपल्या कॉलेजांतली परिस्थिती बघून जीव तुटतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून दरवर्षी कॉम्प्युटरची पदवी घेऊन मुलं बाहेर पडतात आणि पुण्याच्या गाडीत बसतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी लॅबमध्ये पहिल्याच तासाला ‘सेटएनफोर्स झिरो’ टाइप केलेलं असतं, कारण प्रॅक्टिकलच्या कागदावर पहिली पायरी म्हणून तेच छापलेलं असतं. पहारा उठवणं ही त्यांना तयारी वाटते, जसं फळा पुसणं. हीच मुलं उद्या बँकेचे, दवाखान्यांचे, सरकारी नोंदींचे सर्व्हर सांभाळणार आहेत. त्यांना पॉलिसी लिहिता आली नाही तरी चालेल, पण लॉगमधली ती एक ओळ वाचता आलीच पाहिजे: कोणी, कोणावर, काय मागितलं आणि का नाकारलं. ती वाचायला इंग्रजी फारसं लागत नाही, धीर लागतो.

गेल्या सत्राच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला मी प्रत्येक जोडीला एकच काम दिलं. चालणारी पॉलिसी घ्या, त्यातला एकच शब्द काढा, आणि लॉगमध्ये महिरपी कंसात नेमका तोच शब्द, एकटा, आणून दाखवा. बहुतेकांना तीन-चार प्रयत्न लागले. कोणाच्या लॉगमध्ये ‘सर्च’ आला, कोणाच्या लॉगमध्ये काहीच आलं नाही. साक्रीच्या त्या मुलानं ‘ओपन’ काढला होता. पहिल्या खेपेला त्याला साध्या परवानगीचा नकार मिळाला, मग त्यानं फाइल सगळ्यांना वाचायला खुली केली, बाहेरचं फोल्डर खुलं केलं, हजेरीच्या फाइलीचं लेबल तपासलं, आणि पुन्हा चालवलं. लॉगमध्ये एक ओळ. कंसात ‘ओपन’. त्यानं वहीत ती ओळ हातानं उतरवून घेतली आणि शेजारी, कोणी न सांगता, तो हक्क परत दिल्यावर पडद्यावर आलेली हजेरीची ओळही लिहिली.